दाता सतरा

शेफील्ड हे उतारांचं गाव.
सकाळी साडेसातला क्रुक्सवरून गाड्या खाली येतात
ब्रेकवर पाय ठेवून,
आणि उतार संपतो तिथे, शाळेच्या कुंपणाला,
मी बांधलेली डबी असते
पांढऱ्या फिल्टरवर रस्ता गाळत बसलेली.
आठवड्याने काढावा तर फिल्टर करडा,
तवा पुसलेल्या फडक्यासारखा.

प्रयोगशाळेत चार कुप्या.
ब्रेकची धूळ, डिझेलची काजळी,
ॲटरक्लिफकडच्या भट्टीची राख,
आणि चौथी, वॉकलीतल्या धुराड्यांची.
तिचा वास, खरं सांगते, छान आहे.

पेशी दाता सतराच्या.
बाई, वय अठ्ठावन्न, सिगारेट कधीच नाही.
एवढंच कळतं. नाव कळू नये असा नियम.
तिच्या श्वासनळीचा नखाएवढा तुकडा
गुलाबी पाण्यावर आठ आठवडे जगतोय.
एक दिवसाआड मी पाणी बदलते,
रविवारीसुद्धा, नाताळातसुद्धा.
येवांडे म्हणते, तुझं हे लेकुरवाळेपण बरं नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली केस हलतात
एका लयीत, एका दिशेने,
पहाटे कुणी अंगण झाडावं तसे.
घसा नाही, खोकला नाही,
आता बाईही नाही,
तरी झाडतायत.

मंगळवारी धूळ सोडली.
ब्रेकच्या कुपीने पहिल्या रात्रीतच फटी पाडल्या.
पेशीने पेशीचा हात सोडला,
बाजारात आई-लेकरांची ताटातूट व्हावी तसा.
डिझेलने शेंबूड वाढवला.
भट्टीच्या राखेवर मी भक्षक पेशी सोडल्या,
त्या गिळत गेल्या, गिळत गेल्या,
लोखंड पचत नाही हे त्यांना कोण सांगणार?
फुटल्या, आणि गिळलेलं सगळं
होतं तिथेच परत सांडलं.

लाकडाच्या बाजूने मी मनात पैज लावली होती.
तीन दिवस जिंकत होते.
चौथ्या दिवशी केस थांबले.
मेलं कुणी नव्हतं.
नुसतं झाडणं थांबलं होतं.

संध्याकाळी डोरीन स्टॅनिफर्थ दारातच उभी.
आत ये गं, गारठलीस.
तिच्या घरात गॅस महाग आणि लाकूड फुकट,
दिवंगत नवऱ्याच्या वखारीतल्या फळ्या
ती एकेक करून जाळते.
मागल्या वर्षी छातीचं ऑपरेशन झालं होतं म्हणाली,
काढलेल्यातलं थोडं कुणाला तरी हवं होतं,
सही करून टाकली, माझ्या काय उपयोगाचं.
येत्या मार्चमध्ये साठ.

मी बोटांवर वजाबाकी केली
आणि बोटं चहाच्या कपाभोवती लपवली.
या गावात त्या वयाच्या बायका काय थोड्या आहेत?

तू करतेस तरी काय तिथे, तिने विचारलं.
पाणी बदलते, म्हटलं.
ती हसली. हसता हसता खोकली.
मी नको तितकं कान देऊन ऐकलं.
मग तिने आणखी एक फळी आत सरकवली,
खास माझ्यासाठी.

मी उठून खिडकी बोटभर उघडली.
गार येतंय, म्हणाली ती.
येऊ दे थोडं, म्हटलं.
बाहेर उतारावरून एक बस
ब्रेक दाबत, करकरत
खाली चालली होती.