प्रतिस्पर्ध्याचे नाव

पुण्याहून कागद आलाय. तिमाही अहवाल.
खप वाढला की घटला,
बाण वर काढा किंवा खाली,
कारण एका ओळीत.

धडगावात माझं दुकान, दहा बाय बारा.
पत्र्यावर नमुन्याचं पॅनेल,
पॅनेलवर कबुतरं.
आत सौर कंदील: छोटा, मधला, मोबाइल चार्ज करणारा,
आणि कोपऱ्यात चार पंखे,
जे कंपनीनं पाठवले आणि कुणी मागितले नव्हते.

ऑक्टोबर. बाण वर.
दिवाळी झाली की ट्रक लागतात ऊसतोडीचे,
बारडोली, मढी, त्याच्याही पलीकडे.
खोपीत लाइट नसतो,
म्हणून निघण्याआधी घरटी एक कंदील.
नोव्हेंबर, डिसेंबर. बाण खाली.
कारण एका ओळीत: गिऱ्हाईक गुजरातेत आहे.
साहेबाला फोनवर सांगितलं,
माझे चौसष्ट कंदील आत्ता
उसाच्या फडाशेजारी लागले असतील,
ते खाली कसे धरायचे?
साहेब म्हणाला, आवाज तुटतोय तुमचा.

मोलगीच्या रस्त्यानं खांब उभे राहिले
तेव्हा वाटलं, बसला आपला धंदा.
रायमल पावरा कंदील परत घेऊन आला,
खोकं, पावती, खोक्याची सुतळीसुद्धा.
"आमच्याकडं तार आली."
मी अर्धे पैसे दिले.
सव्वा महिन्यानं तोच माणूस, तोच कंदील मागायला.
"तार आहे ना," म्हणाला.
"पोपट बसतात तिच्यावर."
वहीत विक्री दोन. कंदील एक.
पुण्याला बाण वर.

सायकीबाईनं वीस वॅटचं पॅनेल नेलं,
डोक्यावर, सगळी चढण, कुणाला हात लावू न देता.
पैसे मोहाच्या फुलांचे,
लुगड्याच्या गाठीत तीनदा मोजलेले.
आता पाड्यातले अकरा मोबाइल
तिच्या ओट्यावर बांधलेले असतात
करडांसारखे, आपापल्या दाव्याला.
एकाचे पाच रुपये. नसले तर अंडं.
दर शुक्रवारी ती मला हिशेब सांगून जाते,
मी विचारत नाही तरी.
त्याला या कागदावर रकाना नाही.

शेवटचा रकाना: प्रतिस्पर्ध्याचे नाव.
इथं पेन अडकतं.
चिनी माल लिहू? तो तर
आषाढात आपोआप मरतो.
खरं नाव दितल्या.
वय एकोणीस, आयटीआय अर्धी सोडलेली,
सोमवारच्या बाजारात चिंचेखाली गोणपाट,
शेगडीत तापत ठेवलेली डाखाची सळई,
आणि एक डबा, त्यात मेलेल्या रेडिओंची आतडी.
वीस रुपयांत तो कंदील उठवून बसवतो.
सहा वर्षांपूर्वी मी विकलेले,
दोन वर्षांची गॅरंटी दिलेले,
अजून जळतायत वर डोंगरात.
म्हणून नवे खपत नाहीत, साहेब,
हे एका ओळीत बसतं,
पण लिहिलं तर कोण कुणाला विकत घेईल
काय सांगावं.
वायर तो माझ्याकडूनच नेतो. उधार.

साडेआठला लाइट गेली.
आतून हिचा आवाज, शिरपूरकडचा, अजून तसाच:
"आज कितला इकायनात?"
तीन, मी म्हणालो.
आणि गल्ल्यामागचा जुना कंदील काढला,
काच तडकलेली,
बटण गेल्या सोमवारी दितल्यानं बदललेलं,
दाबलं की आधी विचार करतं, मग लागतं.

त्याच्या उजेडात रकाना पुन्हा पाहिला.
रिकामा. रुंद आहे चांगला.
तो तसाच ठेवला
आणि वरती, खपाच्या चौकटीत,
बाण काढला
आडवा.