पांढऱ्याचं खातं

टाम्पेरेत, दोन तळ्यांच्या मधल्या त्या इमारतीत,
तिसऱ्या मजल्यावर
उर्पो हीतानेनकडे पांढऱ्याचं खातं होतं.

म्हणजे असं, की फोनच्या पाठीवर भिंग बसवलं
तरी भिंगाला काही कळत नाही.
पिवळ्या दिव्याखाली दूध पिवळं,
सावलीत नवरीचा झगा निळा.
माणसाचा डोळा समजुतीनं घेतो.
भिंगाला समजावून सांगावं लागतं,
बाबा रे, हे पांढरं.
अकरा वर्षं उर्पो तेच सांगत होता,
आकड्यांत, दशांशचिन्हानंतर चार घरं.

बिनखिडक्यांची खोली.
टेबलावर चोवीस चौकोनांचा रंगीत पुठ्ठा,
प्लास्टिकची केळी, लाल लोकरीचा गुंडा
आणि एक रबरी बाई, गळ्यापर्यंतच.
तिचं नाव सिल्वी.
हजारो फोनांनी तिचा फोटो काढला,
एकाही फोटोत तिचे डोळे मिटले नाहीत.

भांडण एकदाच झालं. बर्फावरून.

डिसेंबरात तिथे तीन वाजता सूर्य जातो
आणि मग तासभर बर्फ निळा असतो.
निळसर नाही. निळा.
दौत कलंडावी आणि कुणी घाईघाईनं पुसावं, तसा.
जाहिरात विभागाची रीत्वा पोस्टर घेऊन खाली आली:
लाल टोपीतली मुलगी, मागे पांढराशुभ्र बर्फ,
कोपऱ्यात तळहाताएवढा पाचाचा आकडा, मेगापिक्सेलचा,
आणि खाली दोनच शब्द: जस्संच्या तस्सं.
म्हणाली, बर्फ निळा आला तर लोक फोन परत आणतील.
पण तो असतोच निळा.
असेल. लोकांना तो पांढरा आठवतो.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं,
असं आपण म्हणतो.
तिथे हिशेब उलटा होता:
असतं तसं दिसलं
तर जग पावती घेऊन दुकानात येतं.

उर्पोनं आकडा बदलला.
सगळा नाही.
तिसऱ्या घरात थोडा निळा राहू दिला,
भाजीत मीठ चुकलंय असं वाटावं,
पण चुकलंय म्हणता येऊ नये, इतकाच.

पुढे पाचाचे आठ झाले, आठाचे एकेचाळीस.
भिंगाचा उंचवटा इतका वाढला
की टेबलावर ठेवलेला फोन डुलायचा.
मग एका शुक्रवारी पांढऱ्यावर काळं होऊन आलं:
खातं बंद.
उर्पोनं घरी फक्त लोकरीचा गुंडा नेला.
सिल्वीचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

आता तो तळ्याकाठच्या सार्वजनिक सौनात लाकडं भरतो.
तिथे फोन बाहेरच्या कपाटात ठेवावे लागतात,
सगळे उघडे असतात म्हणून.

गेल्या जानेवारीत हिल्क्का आली, ब्याऐंशीची,
हातात मेलेला जुना फोन.
तुझ्याकडे चार्जर असतील म्हणे.
होते. खोकंभर.

फोन जागा झाला तो २००० सालच्या
एक जानेवारीत. त्याला तारीख आठवत नव्हती.
फोटो मात्र होता:
गोठलेल्या तळ्यावर ताविस्ती, तिचा नवरा,
एका हातात बर्फ भोकायचा गिरमिट,
दुसऱ्यात बोटभर मासा,
नाकापाशी दाणेच दाणे,
आणि हसतोय.

हा सकाळचा, ती म्हणाली,
भांडायच्या आधीचा.
त्या दिवशी दुपारी मी त्याला फार बोलले.
त्यानंतर आठवड्यानं तो गेला.

उर्पोनं फोन दिव्याखालून बाजूला घेतला.
ताविस्तीच्या बुटांभोवतीचा बर्फ बघितला. पुन्हा बघितला.
सकाळ नाही ही.
तीन वाजून गेलेत.
साडेतीन म्हण.

कशावरून?

त्यानं नखानं दाखवलं.

ती बराच वेळ बोलली नाही.
भट्टीत एक लाकूड तडकलं.
म्हणजे नंतरचा, ती म्हणाली.
मग, नंतरचा, पुन्हा एकदा,
जणू उर्पोलाच कळलं नव्हतं.

निघताना दारात थांबली.
फार भारी कॅमेरा असणार ना रे हा?
छे, उर्पो म्हणाला,
पाचच मेगापिक्सेल.