साडेनऊ नंबरचं खोकं

सॅगिनॉहून लिओना ग्रबोव्स्की आली
तेव्हा तिच्या बोलिंग अ‍ॅलीचे कागद फायलीत नव्हते,
बुटांच्या खोक्यांत होते. आठ, साडेआठ, नऊ.
भाड्याच्या बुटांचा वास माझ्या टेबलावर पसरला.

नोटीस तिनं घडी घालून घालून
इतकी मऊ केली होती, की रुमाल वाटावा.
तीस दिवसांत दाखवा:
लेन सरकारी हुकमानं बंद होत्या,
पगार खरे होते,
माणसं खरी होती.

"फोनवरचा पोरगा म्हणाला, हक्काचे पैसे आहेत, सही करा फक्त."
त्याचा हिस्सा किती?
"शंभरातले पंचवीस. आता तो नंबरच अस्तित्वात नाही,
असं एक बाई सांगते. गोड आवाजात."

मला रागावून चालत नाही,
मी तासाचे पैसे घेते.
(पहिल्या दिवसाचे घेतले नाहीत, ते असो.)

आम्ही खोकी उपसली.
तिमाही विवरणं, गव्हर्नरचा आदेश,
दारावर लावलेली 'बंद' ची पाटी, चिकटपट्टीसकट,
मधेच कुणाचा तरी तीनशे गुणांचा डाव,
तो तिनं हळूच पर्समध्ये टाकला.

साडेनऊच्या तळाशी ड्वेन सापडला.
पिना उभ्या करणारं यंत्र तो सांभाळायचा.
नोव्हेंबर, पगार. डिसेंबर, पगार. जानेवारी.
"हा कामावर होता?"
"हॉस्पिटलात."
घरी बसलेल्याचा पगारही कायद्यात बसतो, मी म्हटलं.
आणि हे शेवटचे तीन आठवडे?

ती खिडकीबाहेर बघत राहिली,
बर्फानं बुजलेल्या पार्किंगकडे.
"शुक्रवार आला की हात चेक लिहायचा.
कोरीन येऊन घेऊन जायची.
तिलाही काही बोलवायचं नाही, मलाही."

मी आकडा मांडला. फार मोठा नव्हता.
"हे आपण होऊन परत करू, त्यांनी विचारायच्या आत.
व्याजासकट. बाकीचं मग मी लढवते."
ती म्हणाली, पैसे द्या.
नाव खोडू नका.

रात्री उत्तराचा मसुदा करताना
'कारण' या रकान्याशी अडले.
'सवय' लिहिलं. तसला शब्द
कुठल्याच कलमात नाही.
खोडून 'चूक' लिहिलं,
वकील आहे मी.

निकाल अजून यायचा आहे.
खोकी परत नेताना एक तिनं इथंच ठेवलं.
विसरली की काय,
मी विचारलं नाही.