खालचा थर

स्फाक्सच्या घाण्याला दोन नळ असतात.
एकातून तेल येतं, त्याला माणसं बाटल्या धरतात.
दुसऱ्यातून मार्जीन,
काळं, आंबूस, पडेल तिथलं गवत जाळणारं पाणी.
त्याला बाबा टँकर लावायचे.

बावीस हिवाळे.
रात्री तीन फेऱ्या, अगारेबच्या वाटेवरच्या तळ्यांपर्यंत.
तिथे ते ऊन खात पडून राही
आणि वारा फिरला की अख्खं गाव खिडक्या लावून घेई.
घाण्याची घाण घेऊन मोंजी आला, म्हणायचे.
सकाळी मी त्याच टँकरमधून शाळेत उतरायची.
माझ्या बाकावर दुसरं कुणी नसे.

आई झाडाखाली.
बोटांत बकऱ्याची शिंगं अडकवून फांदी ओरपायची,
शेम्लालीचं नखाएवढं फळ,
कच्चं चावलं तर जीभ आत ओढून घेणारं.
"कडू आहे म्हणून टिकलंय," ती म्हणे,
"गोड असतं तर किड्यांनी कधीच उरकलं असतं."
पुढे विद्यापीठात सहा वर्षं मी शिकले ते एवढंच.
तिथे नावं लांब होती.

आता त्याच पाण्याचा एक कॅन माझ्या टेबलावर आहे.
आम्ल थेंबाथेंबानं.
तेलाचा उरलासुरला तवंग काढायचा.
मग इथाइल ॲसिटेट, नेलपॉलिशच्या वासाचं,
ओतून फनेल हलवायचं,
मध्येच तोटी उघडून त्याला श्वास सोडू द्यायचा,
आणि थांबायचं.
निम्मी रसायनविद्या थांबण्यातच जाते.
थर वेगळे होतात.
वरचा पातळ मधासारखा.
खालचा अजून बाबांचाच.

वरचा घेऊन फ्लास्क कोमट पाण्यात गरगरत राहतो
आणि संध्याकाळी तळाला चिकटलेलं मिळतं
डिंकासारखं, बोटावर मावेल एवढं.

त्याची परीक्षा मला अजून आवडते.
एक जांभळं द्रावण असतं.
त्यातल्या रेणूरेणूला एक इलेक्ट्रॉन कमी,
भेटेल त्याच्या खिशात हात घालायला टपलेला.
लोखंड गंजतं, तेल खवट होतं,
कापून ठेवलेलं सफरचंद काळवंडतं, ती याच्याच भाऊबंदांची कामं.
बाबांचे गुडघेही, मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.
त्यात आमचा एक थेंब सोडायचा.
तो भांडत नाही. स्वतःजवळचं काढून देतो.
जांभळं उतरत जातं,
पिवळसर होतं,
निवतं.

एका रविवारी बाबांना बोलावून दाखवलं.
ते बराच वेळ रंगाकडे बघत राहिले.
मग बाटली मागितली, झाकण काढून हुंगली.
"तेच आहे," म्हणाले.
"आंघोळ केली तरी मनगटाला हाच वास. तुझी आई तोंड फिरवायची."

ल्योंहून आलेली डबी दाखवली,
चेहऱ्याला लावायचं क्रीम, तीस मिलिलिटर,
मागे किंमत.
त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं.
फेऱ्या असाव्यात. मी विचारलं नाही.

आमचे प्रमुख, सी बेशीर, पाठ थोपटायला आले.
तुमच्या नझीहानं कोंड्याचा मांडा केला, म्हणाले.
बाबा हसले, टोपी सारखी केली,
आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,
"आणि खालचं?"

"काय खालचं?"

"खालचा थर. त्याचं काय करता?"

मांडा झाला होता. कोंडा संपला नव्हता.
पिंपात भरतो, मी म्हटलं. मागच्या आवारात ठेवलीत.
ते खिडकीशी गेले.
निळी पिंपं, एकावर एक, उन्हात फुगलेली.
त्यांच्या बुडाशी जमीन काळी,
एका बाजूनं गवत नाही.
"किती?"
"एकोणचाळीस."

टँकर विकून चार वर्षं झाली होती.
तरी त्यांचा हात
कोटाच्या खिशात किल्ली शोधत गेला.