दिवाळ्यासमोर, साडेतीन वाव

दिवाळ्याच्या मच्छीमार सोसायटीला दाव्याला जोडायचेत
हे कागद, म्हणून भाषांतर माझ्याकडे आलं.
पानाला चारशे. वर कधीमधी बोंबील.

लेफ्टनंट आल्ब्रेख्ट रोडेनवाल्ट,
जन्म १८४३, बापाचं दोरखंडाचं दुकान.
सोळाव्या वर्षी कॅडेट.
पुढे तीस वर्षं, एका ओळीत एक जहाज,
आणि दोन कप्तानांचा एकच शेरा:
मोजमापात अचूक. हुकूम देताना आवाज कमी पडतो.

लढाईचा रकाना कोरा.
दोनदा तपासला, वाटलं पान चिकटलं असेल.

आमच्या खाडीला त्याच्या आयुष्यात अकरा दिवस.
बॉयलर मुंबईच्या गोदीत उघडा पडलेला,
काम नाही, म्हणून परवाना काढून
हा होडीने इथवर आला
आणि शिसं सोडत राहिला तळाशी.
शिशाच्या बुडाला चरबी, खालचं काय ते चिकटून वर येतं.
वहीत: चिखल. चिखल. शिंपले. चिखल.
मीही तितक्याच वेळा लिहिलं.

सोबत जोमा. आडनाव नाही,
मजुरी आहे, रोज सहा आणे.
साहेबाकडे घड्याळं दोन, जोमाकडे तिथी.
अष्टमीला जोमा म्हणाला, आज नको,
पाणी उठायचं नाही.
साहेबाने गणित मांडलं, निघाला,
आणि बेलापूरच्या किल्ल्याखाली
दिवस मावळेतो रुतून बसला, बगळ्यांच्या देखत.

त्या दिवसाच्या नोंदीत एक शब्द मला अडला.
कोशात नाही. जुन्या नौदलाच्या कोशातही नाही.
चौथ्या रात्री भांडी घासताना मोठ्याने म्हटला
तर भांग.
जर्मन अक्षरांत, आपलाच.
खाली दोन रेघा मारलेल्या.

साडेतीन वाव लिहिलंय तिथे
आता माझ्या मावसबहिणीचा फ्लॅट आहे, सी व्ह्यू.
उधाणाला पार्किंगमध्ये पाणी येतं,
सेक्रेटरी नोटीस लावतो, गाड्या हलवा.

बढतीशिवाय निवृत्त. मग किनाऱ्यावर
बोयांना रंग देणाऱ्यांवर देखरेख.
पेन्शनच्या शेवटच्या अर्जात, कोणी विचारलेलं नसताना,
पत्त्याखाली: मागची खोली, पाणी दिसत नाही.

ठाण्याला सरकारी वकील विचारेलच,
कोण हा, कुठली लढाई मारली?
सोसायटीचे धर्माजी नाखवा म्हणाले, सांगू,
आमच्या जोमाच्या हाताखाली होता.

तळटीप एकच दिलीय:
भांग, पाण्याचा. केसांतला नव्हे.