बुधवारची अष्टमी

चूक एका दिवसाची होती.
पौष वद्य अष्टमी मंगळवारी दुपारीच लागली होती,
श्राद्ध मंगळवारचं.
बुवांनी सांगितलं, बुधवार.
आणि चिटणीसांच्या गोठीतल्या कावेरीबाई माहूरकरांनी
बुधवारी वडे तळले, खीर केली,
कोहऱ्यात न दिसणाऱ्या कावळ्याला
गच्चीवरून हाका मारल्या.

गुरुवारी रात्री बुवांना ते पंचांगात सापडलं,
चष्मा लावल्यावर.
दिवाळीपासून त्यांनी तो लावलाच नव्हता.
मठाच्या कॅलेंडरसाठी फोटो काढताना
कुणीतरी म्हणालं होतं, काचांनी तेज झाकतं.
ते कुणीतरी म्हणजे मी.
मठाचा हिशेबनीस. कॅलेंडरांचा खर्च माझ्याच वहीत आहे.

सकाळी विश्वस्त जमले.
सरनोबत वकिलांनी मफलर सोडला नाही, मुद्दाही सोडला नाही :
गादी चुकत नसते, बुवा.
छापखाना चुकतो.
पंचांगवाल्याला नोटीस देऊ.
चहा आला. सगळ्यांनी मान डोलावली.
मीही.
बुवा बशीत चहा ओतून बराच वेळ बघत राहिले,
मग म्हणाले,
छापखान्याने बरोबर छापलंय हो.

स्कूटर मी काढली.
जनकगंजातून निघालो तेव्हा
हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं.
मागे बसलेले बुवा
वळणावळणाला सांगत होते, सावकाश,
पुढे म्हैस आहे.
सबंध लष्करात त्या सकाळी
त्यांनाच काय ते दिसत होतं.
चष्म्यावर दव, दर कोपऱ्यावर उपरण्याने पुसायचे.

कावेरीबाईंनी दार उघडलं आणि गडबडल्या.
पाट शोधायला धावल्या, चांदीचं ताम्हण, पाय धुवायला पाणी.
बुवा उंबऱ्याबाहेरच उभे.
जोडे काढले होते. फरशी बर्फ.
म्हणाले, आधी ऐका. मग आत घ्यायचं की नाही ते ठरवा.
मी तुम्हाला चुकीचा दिवस सांगितला.
मंगळवार हवा होता.
मी नीट वाचलं नाही.

इतकंच.
संस्कृत नाही, दृष्टांत नाही,
प्रवचनात तासभर पुरणारा तो आवाज
चार वाक्यांत संपला.
मी जिन्याच्या कठड्याकडे पाहत राहिलो,
जणू त्याचा हिशेब लिहायचा आहे.

बाई काही बोलल्या नाहीत.
हातातलं ताम्हण त्यांनी उलटं केलं, सुलटं केलं.
मग एकदम हसल्या, पदर तोंडावर धरून.
अहो, आमचे हे छोट्या लाइनीवर गार्ड.
श्योपूरची गाडी. बत्तीस वर्षं.
कधी वेळेवर घरी आलेत?
सकाळी येतो म्हणायचे, दुसऱ्या दिवशी उगवायचे.
मंगळवारी निघाले असतील
तर बुधवारीच पोचले असतील.
वडे गरम मिळाले म्हणायचे.

हसता हसता त्या रडल्या.
बुवांनी मध्ये काही सांगितलं नाही,
आत्मा अमर वगैरे.
थांबले. मग विचारलं,
उरलेत का त्यातले?
आम्ही दोघांनी गार वडे खाल्ले,
ते खाली सतरंजीवर, मी दाराशी.
निघताना त्या पाया पडायला वाकल्या
तर ते आधीच वाकले होते.
दोघांची डोकी आपटली, खरंच.
बुवांच्या कपाळावर टेंगूळ आलं.

परतल्यावर मठाच्या फळ्यावर,
जिथे खडूने रोजची तिथी लिहितात,
बुवांनी स्वतः लिहिलं :
गेल्या मंगळवारची अष्टमी मी बुधवारी सांगितली.
चूक माझी. कुणी तसं श्राद्ध केलं असेल
तर मला कळवा, मी घरी येईन.

अक्षर वाकडं. खाली सही.

दुपारी सरनोबत वकील आले, वाचलं,
मला म्हणाले, हे पुसून टाका.
मी फडकं ओलं केलं.
फळ्यासमोर जाऊन उभा राहिलो.
आमच्या ग्वाल्हेरला कोहऱ्याच्या दिवसांत
ओलं फडकं वाळायला फार वेळ लागतो.
ते हातात वाळेपर्यंत
मी उभा होतो.