डावं पॅडल

बॅटरीची निगेटिव्ह सोडली
की मग दहा मिनिटं काहीच करायचं नाही.
साबीरला एवढंच शिकवायला मला दोन वर्षं लागली:
एअरबॅगच्या पोटात उरलेला करंट
चहा पिऊन होईपर्यंत जिरू द्यायचा असतो.
वडाळा नाक्यावर घाई फक्त रिक्षांना.

खैरनार मॅडम स्टुलावर बसलेल्या.
मांडीवर पर्स, पर्सखाली डावा हात.
म्हणाल्या, यासीन मिस्त्री, डावं तेवढं काढा.
वळताना तळहात लागतो,
गाडी आपसूक खालच्या गिअरात पडते,
मागचा हॉर्न मारतो, शिव्या घालतो.
उजवं राहू दे. अधिक राहू दे.
वजा तेवढं नको.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

स्टिअरिंगच्या मागे, दोन्ही कुशींत,
पेचकस घालून चाचपायचं.
स्प्रिंगची तार दिसत नाही, नुसती कळते.
दाबली की टक्.
पिवळं सॉकेट नखाने सोडवायचं, हिसका नाही.
त्याच्या मागे दोन बारके स्क्रू, तांदळाएवढे.
त्यातला एक नेहमी पडतो
आणि नेहमी सीटच्या रुळातच.

पॅडल निघालं. काळं, हलकं,
सीताफळाच्या बीसारखं गुळगुळीत.
त्यांनी ते डाव्या हातात घेतलं तेव्हा दिसलं:
तर्जनी आणि मधलं बोट,
दोन्ही पहिल्या पेरापाशीच संपलेली.
सातपूर, म्हणाल्या. अठ्ठ्याण्णव साल.
साठ टनी प्रेस, डाय बसवत होते.
माहेर कुठलं विचारल्यावर सांगावं, तसं.

वायरीचं तोंड टेपने बांधलं.
रिकाम्या खाचेत काळं रबर दाबलं.
दोनशे घेतले. पॅडल पिशवीत घालून दिलं.

तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा दारात.
मालेगावला बहिणीकडे गेल्या होत्या.
राहुड घाटाच्या उताराला पुढे कांद्याचा ट्रक, मागे एसटी,
ब्रेक दाबून दाबून टाचेत कळ, चाकांना जळका वास,
आणि हा हात, म्हणाल्या,
सारखा जिथे काही नाही तिथे जात होता.
मग जरा थांबून:
त्याला ती सवय आधीपासूनच आहे.

मी म्हटलं, लावून देतो परत.
पण बोटं पोचायची कशी?

त्यांनी पर्समधून काडेपेटी काढली.
आत अॅल्युमिनियमचा एक तुकडा.
एका बाजूला पॅडलच्या पाठीवर बसेल अशी खाच,
दुसरीकडे वाकवलेली जीभ,
आहे तेवढ्या बोटांना गाठता येईल इतकीच लांब.
घरी केलं. व्हाइस आहे माझ्याकडे.
एकतीस वर्षं टूलरूमला काढलीत, मिस्त्री.
रागवू नका,
पण तुमच्या करवतीखाली दिला नसता.

मी अंगठ्याने कड तपासली.
कड नव्हतीच.
साबीरच्या हातात दिला तो तुकडा.
त्यानेही अंगठा फिरवला
आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

दुसरा स्क्रू अर्थातच हरवलेला.
डबा पालथा केला, सत्तावीस स्क्रू निघाले,
त्यातला एकोणिसावा लागला.
बॅटरी जोडली. काट्यांनी एकदा अंग झाडलं.
ट्रायलला मी बाजूला बसलो,
आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या गाडीत
पट्टा लावून.

द्वारकेकडून उड्डाणपुलावर चढलो.
पाथर्डी फाट्याच्या अलीकडे उतार लागला
तशी त्यांनी जीभ ओढली. चौथा.
इंजिनाने घसा खाकरला.
पुन्हा ओढली. तिसरा.
पाय ब्रेकच्या बाजूला नुसता ठेवलेला,
पांडवलेणीचा डोंगर काचेत सावकाश मोठा होत गेला.

मी म्हटलं, बस, मॅडम, चालतंय.
त्यांनी आणखी एकदा ओढलं.
गरज नव्हती. दुसरा.
मागचा हॉर्न मारत राहिला.